मुक्यानं द्यायचं औषध

“तू मला सांगून राह्यलास का मी तुला सांगू? उद्या आयतवार. दिस उगवायच्या आंधी ओट्यावर येऊन बसायचं. पोटात पाण्याचा घोट न्हाई अन् तोंडातून सबद न्हाई. एकजण जरी बोललं का संपलं. मंग पुढल्या आयतवारी.”

“न्हाई बोलत मावशी. बिलकुल न्हाई.”

“तुजं कोण म्हणून राह्यलं? तुज्या मायचं म्हणते. बघ, मघापासून बोलायला कशी वळवळून राह्यली.”

कपाशी खुरपणाऱ्या बाया खदखदून हसल्या. बांधावर उभी असलेली नंदाबाई ओशाळली, पण तिला हसू काही आलं नाही. घरात सून पिवळी पडलेली, हसणार कशी?

कल्याण नावाच्या शेतकऱ्याच्या कपाशीत आठ बाया आठ पाती, म्हणजे खुरपायच्या आठ ओळी, धरून बसल्या होत्या. गोजरबाई मधल्या पातीत. बोलायला ती उठली नव्हती, खुरपंही थांबवलं नव्हतं. भादव्याचं ऊन, अंगाला चिकटलेलं लुगडं, आणि बांधावर हे मायलेक. अंबडच्या बाजूनं मोटारसायकलवर आलेले. पुंजाराम आणि त्याची आई नंदाबाई. आजारी होती ती पुंजारामची बायको, वंदना. वय बावीस. डोळे पिवळे, लघवी पिवळी, चार दिवसांपासून फोडणीचा वास आला तरी उलटी. तिला कुंभार पिंपळगावात मावसबहिणीकडं निजवून हे दोघं गोजरबाईला शोधत शेतापर्यंत आले होते.

“लेकरं किती तिला?”

“न्हाईत अजून,” पुंजाराम म्हणाला.

“दिवस-बिवस गेले असतील तर आताच सांगा. दोन जिवाच्या बाईला मी देत न्हाई.”

“न्हाई वं बाई,” नंदाबाई घाईघाईनं म्हणाली. “आमचं कुठं तेवढं नशीब!”

पुंजारामानं मान खाली घालून चपलेखालचं ढेकूळ फोडलं. गोजरबाईची नजर खुरप्यावर होती. तिनं ते पाहिलं नाही.

“बरं. तेलकट, तिखट, मटण सगळं बंद. लाह्या खाऊ द्या, पातळ ताक पिऊ द्या. अन् पडून राहू द्या तिला. सासू म्हणून कामाला लावशील तर औषध माज्या दारात, रोग तुज्या घरात.”

एवढं बोलून ती पुढं सरकली. भेट संपली.

गोजरबाई साठीच्या पुढची. अंगानं वाळलेली, आवाजानं मात्र अख्ख्या शिवाराला पुरेल अशी. दोन एकर कोरडवाहू, ते पोरगा बघतो. ही रोज दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते, कारण घरात बसली की सुनेशी तोंड लागतं, असं ती स्वतःच सांगते. पाच-सात गावांत तिची ओळख काविळीचं औषध देणारी म्हणून. औषध तिला सासूकडून आलं. चांगुणाबाई नावाची ती सासू कडक. लग्न होऊन सात वर्षं झाली तरी सुनेला काही सांगितलं नाही. मग तिची कंबर धरली, खाली वाकता येईना, तेव्हा नाइलाजानं हिला बांधावर नेऊन झाड दाखवलं. माया वगैरे काही नव्हती. वाकणारं माणूस पाहिजे होतं.

झाड म्हणजे भुईआवळा. एरवी गोजरबाईनं हे नाव कोणाला घेऊ दिलं नसतं. आता हरकत नाही, का नाही ते पुढं कळेलच. वीत-दीड वीत उंचीचं तण. पावसाळ्यात बांधावर, कपाशीच्या पातीत, उकिरड्याच्या कडेला, म्हशीच्या खुराखाली, कुठंही येतं. पानं आवळ्यासारखी बारीक, दुहेरी ओळीची. पान उलटं केलं की खाली मोहरीएवढी हिरवी फळं ओळीनं लटकलेली दिसतात, म्हणून त्याला आवळ्याचं नाव. संध्याकाळी पानं मिटून घेतं, सकाळी उघडतं. त्याच्याच शेजारी दुधी नावाचं दुसरं तण येतं, लांबून सारखंच दिसणारं. ओळखायचं सोपं आहे. काडी मोडायची. पांढरा चीक आला की दुधी, फेकून द्यायची. चीक नाही आणि पानाखाली फळं आहेत, तर भुईआवळा.

मुळासकट उपटायचा, धुवायचा, पाट्यावर वाटून शेळीच्या दुधात नाही तर ताकात द्यायचा. चव कडू. भूक मेलेल्याला भूक लागते, जिभेवरचा फुपाट्यासारखा थर जातो, तापातून उठलेल्याच्या अंगात जीव येतो. लघवीला जळजळ होत असली तरी आमच्याकडं हेच देतात, मुतखड्यालाही कोणी कोणी घेतं. काविळीला तर पिढ्यान्‌पिढ्या. पण गोजरबाई कधी गमतीत असली की एक खरी गोष्ट सांगते. “अर्दा गुण पाल्याचा, अर्दा गुण निजून राह्यल्याचा. आमच्या बायांना आजारी पडल्याबिगर निजू कोण देतंय?” पुष्कळांची कावीळ पथ्य पाळून, पडून राहून आपोआप उतरते, हे तिला कोणत्या डॉक्टरानं सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं माणसं बघून तिला ते उमगलं होतं.

न उतरणारी कावीळही तिनं पाहिली होती. गावातलाच भुजंग. नऊ दिवस औषध घेतलं, दहाव्या दिवशी पोट फुगलं, पंधराव्या दिवशी गेला. दारूनं आतून सगळं संपलं होतं म्हणे. त्याच्या बायकोनं कधी बोल लावला नाही. पण गोजरबाई त्यानंतर वर्षभर त्या गल्लीनं गेली नाही. लांबच्या वाटेनं पाणी आणायची.

गावात सुमेधा आशाताई आहे. तिशीची, तोंडानं गोड, पण हट्टाला गोजरबाईच्या तोडीची. तीन वर्षांपूर्वी ती सांगायला आली होती, की मावशी, तुमच्याकडं आलेला माणूस आधी रक्त तपासायला माझ्याकडं पाठवा. गोजरबाई म्हणाली होती, “तू तुजे डोस पाज, मी माजा पाला वाटते. तुज्या गोळ्याचं नाव मी इचारते का?” तेव्हापासून दोघी रस्त्यात भेटल्या की एकमेकींना टोमणे मारून पुढं जात.

या औषधाचे नेम असे. आदल्या दिवशी सांजच्याला झाडापाशी जाऊन आवतन द्यायचं. चार दाणे ज्वारी, हळद-कुंकू, आणि “उद्या न्यायला येते, संगं चल” असं सांगायचं. आयतवारी पहाटे उपटायचं, लोखंड लावायचं नाही, हातानंच. रुपया घ्यायचा नाही. झाडाचं नाव सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. आणि सगळ्यांत मोठा नेम मुक्याचा. झाड उपटल्यापासून रोग्याच्या पोटात औषध जाईपर्यंत देणाऱ्यानं, घेणाऱ्यानं, बरोबरच्यानं एक अक्षर बोलायचं नाही. बोललं की ते औषध मातीत. चाळीस वर्षांत गोजरबाई एकदाही बोलली नव्हती. एकदा पाटा पायावर पडून अंगठ्याचं नख निघालं, तरी नाही.

त्या शनिवारी सांजच्याला ती आवतन द्यायला गेली तर जवळच्या बांधांवर काही सापडेना. आता सगळे तणनाशक मारतात, बांध नुसते जळालेले. शेवटी स्मशानाच्या कुंपणाला चार रोपं मिळाली. पहाटे मोबाइलची बॅटरी लावून गेली. मिटलेल्या पानांखाली बोट फिरवून फळं चाचपली, काडी मोडून चीक नाही ना ते पाहिलं, आणि झाडं उपटून ओच्यात घातली. तिथून मुकं सुरू झालं.

घरी आली तेव्हा तिघं ओट्यावर बसलेले होते. नंदाबाईनं तोंडात पदराचा बोळा धरला होता, चुकून शब्द निघू नये म्हणून. पुंजाराम भिंतीला टेकून. मध्ये वंदना. अंगावर पदर सगळीकडून ओढलेला, तोंड हळद लावल्यासारखं. गोजरबाईनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि पाट्यावर जाऊन बसली.

वाटून झालं. दुधात कालवलं, फडक्यातून गाळलं. पेला घेऊन वळली तर वंदनाचा हात अंगणातल्या चुलीकडं गेलेला दिसला. पाणी तापवायची चूल, दोनच दिवसांपूर्वी पांढऱ्या मातीनं सारवलेली. पोरीनं चुलीच्या कडेची खपली नखानं काढली, पदराआड नेली आणि तोंडात टाकली. मग दुसरी. मिटल्या ओठांनी हळूहळू चघळत राहिली. जिला चार दिवसांत भाताचं शीत जात नव्हतं, ती माती खात होती, आणि तिच्या तोंडावर सुख होतं.

गोजरबाईला तीन बाळंतपणं झालेली. तिसऱ्या खेपेला तिनं स्वतः अर्धी भिंत खाल्ली होती. तिला दुसरं काही सांगायची गरज नव्हती.

तिनं नंदाबाईकडं बघून मान जोरात हलवली. नाही. नंदाबाईला वाटलं, बसायची दिशा चुकली. तिनं सुनेला धरून उगवतीकडं तोंड करून बसवलं. गोजरबाईनं हातानं खूण केली, नाही, नाही. नंदाबाईनं पटकन सुनेच्या पायातल्या चपला काढून घेतल्या. गोजरबाईनं स्वतःच्या पोटावर हात फिरवून वंदनाकडं बोट केलं. नंदाबाईनं हात जोडले, म्हणजे हो, पोटात घ्यायचं, उपाशी आहे. आणि तिनं पुढं होऊन गोजरबाईच्या हातातला पेला घेतला, सुनेच्या तोंडाला लावला.

वंदनानं डोळे मिटले.

“थांब!”

गल्लीच्या टोकाचं कुत्रं भुंकायला लागलं, एवढा आवाज निघाला. गोजरबाईनं पेल्याला हात मारला. हिरवं दूध ओट्यावर सांडलं, पेला गडगडत अंगणात गेला.

“बोललात!” नंदाबाईच्या तोंडातून पदराचा बोळा पडला. “अगं माय! बोललात की वं बाई तुम्ही! गेला की गुण!”

“जाऊ दे. पोरी, कितवा?”

“कुठला कितवा? काही न्हाई तिला, सांगितलं ना काल...”

“तुला इचारून न्हाई राह्यले. पोरी, तू सांग. कितवा?”

वंदनानं तोंडातली माती गिळली. “पाचवा.”

 पुंजाराम उठून उभा राहिला, परत बसला.

“दोन गेले बाई,” नंदाबाई म्हणाली. “दोन्ही खेपेला तिसऱ्या महिन्यात पेढे वाटले. दोन्ही खेपेला आठ दिवसांत गेलं. बायांच्या नजरा लई वंगाळ असतेत. यावेळी म्हणलं, सातवा लागेपस्तोर वाऱ्यालाबी कळू द्यायचं न्हाई. तुमच्या रानात सात बाया बसलेल्या होत्या. कशी सांगू?”

“अन् आता माज्या हातून काय झालं असतं? मला ठावं हाये का ह्या पाल्यानं पोटातल्या लेकराचं काय व्हतं? माज्या सासूलाबी ठावं नव्हतं. म्हणून तिनं मना केलं. दवाखान्यात घाल हिला. आताच्या आता.”

“दवाखान्यात सुया टोचतेत. लेकरू पाडतेत,” नंदाबाई उठली. “तुमचं औषध तर मातीत गेलं. चल रं पुंजाराम, तिकडं परतूरच्या रस्त्याला एक बाबा हाये. पाण्यात हात धुवून कावीळ उतरवतो. पोटात काही घ्यायचंच न्हाई. लोकांनी डोळ्यानं बघितलं, पाणी पिवळंजर्द व्हतं.”

“व्हतं ना. माज्या हातानंबी व्हईल. मला कुठं कावीळ हाये?” गोजरबाई ओट्याची पायरी अडवून उभी राहिली. “आंब्याच्या सालीचं पाणी हाताला चोळतेत अन् चुन्याच्या निवळीत बुडवतेत. पिवळं व्हतंय ते सालीनं. घरी कर, म्हशीच्या खुराला कर. म्हशीचीबी कावीळ उतरंल.”

नंदाबाई ऐकेना. तिनं सुनेचा दंड धरला. तेव्हा गोजरबाई पाट्यापाशी गेली. वाटून उरलेलं एक रोप तिथं पडलं होतं. ते तिनं उचलून नंदाबाईच्या तोंडापुढं धरलं, पान उलटं केलं.

“हे बघ. नीट बघ. भुईआवळा. तुज्या बांधावर हाये, उकिरड्यावर हाये, तू खुरपून फेकत असशील. एवढंच हाये माजं औषध. ह्याच्यात मरणाऱ्याला वाचवायची ताकद असती तर आमचा भुजंग गेला नसता. त्याला नऊ दिवस पाजलं मी, नऊ दिवस. तू आज हिला त्या बाबाकडं नेशील, उद्या तिसरीकडं, अन् चौथ्या दिवशी दोन जीव एका तिरडीवर नेशील. मला ते बघायचं न्हाई.”

नाव घेतलं होतं. आता उरलं काहीच नव्हतं. नंदाबाई त्या एवढ्याशा रोपाकडं बघत राहिली. तिच्या बांधावर ते होतंच.

“आत्याबाई,” वंदना म्हणाली, “मी चार दिवसांपासून दवाखाना म्हणून राह्यले.”

पुंजारामानं आईचा हात वंदनाच्या दंडावरून काढला. जोरानं नाही, पण काढला.

“जल्दी जा,” गोजरबाईनं त्याला सांगितलं. “बुद्धविहाराच्या मागं पत्र्याचं घर. सुमेधा आशाताई. उठव तिला. अन् सुनंला पाणी पाज रे कोणी तरी, आता कशाचा उपास!”

सुमेधा ओल्या केसांनी, चपला उलटसुलट घालून आली. वंदनाचे डोळे पाहिले, पायाची सूज दाबून पाहिली आणि लगेच गाडीसाठी फोन लावला. मग गोजरबाईकडं वळली.

“मावशी, तुमच्या तोंडून दवाखाना? आज दिस अजून उगवलाच न्हाई, न्हाई तर कुठून उगवला ते बघितलं असतं.”

“दात नंतर काढ. गाडी कवा यील ते बघ.”

गाडी पाऊण तासानं आली. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. सुमेधा बरोबर गेली, पुंजाराम मोटारसायकलवर मागून. नंदाबाई गाडीत चढली ती गोजरबाईकडं पाठ करूनच. ओट्यावर सांडलेल्या औषधाचा तोवर वाळून हिरवा चट्टा झाला होता. गोजरबाईनं तो शेणानं सारवून टाकला.

दुपारपर्यंत गावात झालंच, गोजरबाईचा गुण गेला. कोणी हळहळलं, कोणी म्हणालं, बरं झालं, नाव तरी कळलं. दोन पोरांनी तर रोप उपटून मोबाइलवर फोटो काढून पाठवले, त्यातला एक फोटो दुधीचा होता. गोजरबाईनं ते पाहिलं आणि त्या पोराला भर चौकात आईवरून शिव्या घातल्या. काडी मोडून दाखवली, चीक दाखवला. “हे पाजशील कोणाला तर तोंड सोलून निघंल. अर्दं शिकून डाक्टर व्हतेत मुडदे.”

गुण गेला हे तिलाही खरंच वाटत होतं. चाळीस वर्षं ज्यावर भरवसा ठेवला, ते एका पहाटे गेलं. ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही, आणि त्याचं रडगाणंही केलं नाही. रात्री जेवताना सुनेला तेवढं म्हणाली, “तुला शिकवायचं टळलं बघ.” सून म्हणाली, “मी कुठं मागून राह्यले होते?” यावर दोघी, कधी नव्हे त्या, एकदम हसल्या.

पण वंदनाचं काही कळत नव्हतं. सोमवारी गोजरबाई काडेपेटी मागायच्या निमित्तानं सुमेधाच्या घरी गेली. मंगळवारी काडेपेटी परत द्यायला गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्या पत्र्याच्या घरात बसून तिनं चहा घेतला. सुमेधानं सांगितलं, रक्तातली कावीळ लई वाढलेली आहे, सलाइन चालू आहे, बाळंतपणाच्या डॉक्टर येऊन बघून जातात. पुढचं सांगता येत नाही. गोजरबाई चहा अर्धा ठेवून उठली. बुधवारी गेलीच नाही. वाईट ऐकायची ताकद नव्हती.

गुरुवारी कल्याणच्या कपाशीत दुसऱ्या टोकाची खुरपणी चालू होती. दहाच्या सुमाराला सुमेधा बांधावरून येताना दिसली. बायांचे हात थांबले. गोजरबाईचं खुरपं चालूच राहिलं, उलट जास्तच जोरात.

“मावशी!”

“तितूनच सांग.”

“पुंजारामचा फोन आल्ता. कावीळ उतराय लागली. काल वंदनानं पेज मागून खाल्ली.”

“अन् लेकरू?”

“बाळाचे ठोके बराबर लागून राह्यले. अजून आठ दिवस ठेवून घेणार हायेत, पण डॉक्टरीणबाई म्हणल्या, येळंवर आणलं.”

गोजरबाईनं खुरपं मातीत रोवलं. पहिल्यांदा मान वर केली.

“ठोके कोणी मोजले?”

“मशिनीनं.”

“दोनदा मोजाय लाव म्हणाव मशिनीला.”

बाया हसल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला, तिला गोजरबाईनं हटकलं, “तुज्या कोण गेलं गं घरात?”

सुमेधा बांधावरच टेकली. “अजून एक हाये. अंकुशनगरकडून दोघं जण इचारत आल्ते माज्या घरी. आयतवारी मावशी औषध देतेत का म्हणून.”

“गुण गेला म्हणावं.”

“सांगितलं. तरीबी येतो म्हणतेत.”

 गोजरबाईनं पायाच्या अंगठ्याला लागलेली माती खुरप्याच्या टोकानं काढली.

“येऊ दे. आंधी तुज्याकडं पाठव. रगात तपासून, कागद घेऊन येऊ दे. बाई असंल तर तिला एकटीला घेऊन बस, सासूला भाईर काढ, अन् मंग इचार. तुज्या डाक्टरनं पाला घे म्हणलं तर मी वाटून दीन. मना केलं तर लाह्या खा अन् नीज म्हणून सांगन. त्याला काय, ते तर मी उभ्या उभ्याबी सांगू शकते.”

“लिहून देता का तसं?”

“अंगठा देते. चल, उठ आता. तुज्यापायी माजी पात मागं राह्यली.”

विहिरीच्या बाजूनं कल्याणनं आवाज दिलाच, “मावशे, गप्पा झाल्या असतील तर बघा जरा इकडं!”

“आले रं बाबा! तुजी कपाशी काय पळून चालली का?”

तिनं ओचा खोचला, बसल्या जागी दोन पावलं पुढं सरकली आणि बुडाशी आलेल्या लव्हाळ्यात खुरपं घातलं. बाकीच्या सात जणी तिच्यापुढं चार हात गेल्या होत्या. त्यांना गाठेपर्यंत तिनं मान वर केली नाही.